अकराचा एक

बीड,
७ फेब्रुवारी १९९९

अक्का,

शरणार्थ.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि उत्तर नाही, म्हणजे तू मनातल्या मनात मला दोन शिव्या घातल्या असशील. कारण ऐकलंस तर परत घेशील.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर सुरू झालाय. आला होता गेल्याच वर्षी, पण खोक्यात पडून होता. नवे साहेब आले, त्यांनी खोकी फोडायला लावली, एक खोली रंगवून घेतली, थंड हवेचं मशीन बसवलं आणि मला बोलावून म्हणाले, "तुम्ही डिप्लोमा केलाय ना? मग टाइपरायटर कशाला बडवताय?" आता मी त्या खोलीत बसतो. आत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. बदल्यांचं टेबल इतकी वर्षं सांभाळणारा शहादेव बाबू दारात उभा राहून म्हणाला, "देव्हाराच केला की बे याचा!"

आता खरी गोष्ट. यंदा मास्तरांच्या बदल्या कॉम्प्युटर करणार. प्रत्येकानं एक फॉर्म भरायचा. शाळा कुठली, डोंगरी भागात किती वर्षं काढली, कुठं जायचंय. मी ते आत घालायचं. ज्याची डोंगरावरची वर्षं जास्त त्याचं नाव वर, आणि वरच्यानं आधी गाव निवडायचं. बस्स. कुणाची चिठ्ठी नको, पाकीट नको, शहादेवच्या घरी तुपाचा डबा नको. यादी भिंतीवर लावायची, ज्याला शंका असेल त्यानं वाचावी.

अक्का, तुझी त्या डोंगरावर अकरा वर्षं झाली. विचार कर.

एक बारीकशी गोष्ट आहे. या कामावर असणाऱ्यांकडून साहेबांनी लिहून घेतलं, की आमचं कुणी नातेवाईक शिक्षक नाही. मी सही केली. नसती केली तर त्या खुर्चीवर शहादेवचा माणूस बसला असता. तुझं आडनाव आता वेगळं, कुणाला कळायचं कारण नाही. तू फक्त ऑफिसला येऊ नको आणि माझं नाव कुठं काढू नको. तिथं फोनही करू नको, तो शहादेवच्या टेबलावर असतो.

दाजींना नमस्कार. वर्षाराणीला सांग, मामानं कॉम्प्युटरवर तिचं नाव छापलंय, सोबत पाठवतो.

तुझा
महारुद्र


डोंगरपिंपळा,
२१ फेब्रुवारी १९९९

चि. महारुद्रास अक्काचा आशीर्वाद.

शिव्या घातल्या होत्या. दोन नाही, चार. परत घेत नाही.

पत्र वर्गातच वाचलं. सध्या पोरं थोडी. आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडं गेलेले, म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली तेवढी येतात. त्यांना पाढे लिहायला लावले आणि तुझं पत्र दोनदा वाचलं.

शहादेव बाबूंचं नाव वाचून मला तो व्हरांडा आठवला. तुला तेव्हा नोकरी नव्हती. आम्ही दोघं गेलतो बदलीसाठी. सकाळपासून बसवलं. दुपारी जेवून आले, दात कोरत म्हणाले, "बाई, डोंगराची हवा लई चांगली हाय. कावून खाली येता?" तुझे दाजी काहीतरी खिशातून काढायला लागले तर मी त्यांचा हात धरला. तसेच परतीच्या एस.टी.त बसलो. तेव्हा हात सोडला असता तर आज घरी असते, असं दाजी अजून म्हणतात. रागानं नाही, सहज म्हणतात. ते जास्त लागतं.

वर्षाराणी आता आठवीत आहे. शनिवारी शाळा सुटली की मी धारूरपर्यंत चालत, पुढं तेलगावची गाडी, तिथून वडवणी. गेल्या खेपेला तिचा हात बघितला तर मनगटापाशी भाजलेला. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, भाकरी तीच थापते. मला कळवलं नव्हतं. म्हणाली, "तू येईपर्यंत बरा होईल वाटलं."

त्यामुळं फॉर्म भरलाय. 'अकरा' आकड्यात लिहिलं, गाव वडवणी लिहिलं.

पण ती सही मला आवडली नाही. खरी यादी करायला खोट्या सहीवर बसलास. आई गेल्यापासून तुला मी वाढवलंय, म्हणून सांगते, तू घाईत चांगलं करायला जातोस आणि घाईच लक्षात राहते. अजून वेळ आहे, साहेबांना सांगून टाक, की माझी बहीण आहे. भला माणूस असेल तर ऐकेल.

अक्का


बीड,
११ एप्रिल १९९९

अक्का,

शरणार्थ. चौथी! तू चौथी आहेस!

कच्ची यादी निघाली. अख्ख्या जिल्ह्यात तुझ्यापेक्षा जास्त वर्षं डोंगरावर काढलेले तिघंच. त्यांच्यातल्या कुणालाही वडवणी नकोय, मी बघितलं. म्हणजे वडवणीची जागा तुझीच. मी काही केलं नाही, अक्का. तुझा आकडा घातला, बटण दाबलं, आणि मशीननं तुझं नाव उचलून वर ठेवलं. प्रिंटर कागद बाहेर ढकलत होता आणि मी उभा राहून बघत होतो.

साहेबांना सांगायचं म्हणालीस. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा आत माणसं होती, एकदा ते स्वतःच बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या ऑफिसात माझा एका माणसावर भरोसा आहे." यानंतर कसं सांगायचं? यादी लागू दे, तू खाली ये, मग सांगेन.

शहादेव हल्ली गोड बोलतोय. मला चहा पाठवतो. मी पीत नाही.

महारुद्र


वडवणी,
२५ एप्रिल १९९९

चि. महारुद्रास आशीर्वाद.

परवापासून सुट्टी लागली. तुझं पत्र वरच मिळालं होतं, पण मी ते दाजींनाही लगेच दाखवलं नाही. चांगली बातमी दोन दिवस एकटीनं ठेवून बघितली. मग राहवलं नाही. वर्षाराणीला सांगितलं तर तिनं आत जाऊन माझी लोखंडी पेटी पुसून ठेवली. म्हणाली, "ही आता वर न्यायची न्हाई ना?"

सासूबाईंनी शेजारी सांगून टाकलं. मी रागावले.

आणि हे ऐक, तुला मजा वाटेल. गुरुवारच्या बाजाराला दाजींच्या दुकानात तुझ्या ऑफिसातला एक माणूस आला होता. किलोभर शेंगदाणे घेतले, इकडचं तिकडचं बोलला. म्हणाला, "आमच्याकडं तो कॉम्प्युटरवाला पोरगा हाय, लई हुशार." दाजींची छाती फुगली. म्हणाले, "हुशार असणारच, मेव्हणा हाय आमचा." माणूस म्हणाला, "असं का! मग तुमच्या बाईंचं काम झालंच म्हणा." दाजी म्हणाले, "काम आकड्यानं होणार हाय, मेव्हण्यानं न्हाई." मला त्यांचं हे उत्तर फार आवडलं. इतक्या वर्षांनी नवरा माझ्यासारखं बोलला.

माणूस सावळा, जाड भिंगाचा चष्मा, तोंडात पान. ओळखतोस का?

अक्का


बीड,
२३ मे १९९९

अक्का,

शरणार्थ. यादी भिंतीवर लागली. काल ऑफिसच्या आवारात जत्रा होती नुसती. माणसं बोट लावून आपलं नाव शोधत होती. डोंगरावरून चाळीसेक माणसं खाली येतायत. एकानंही कुणाला काही दिलं नाही. एक मास्तर यादीसमोर उभा राहून रडत होता.

शहादेवचा निकाल लागला. यादी लागायच्या आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं होतं. तिथं तो भर मीटिंगमध्ये उठून म्हणाला, "सायेब, ही यादी खरी न्हाई. ऑपरेटरनं आपलं माणूस घुसवलंय. चौथं नाव बघा." साहेबांनी चौथं नाव मोठ्यानं वाचलं. आष्टीकडचे एक मास्तर, रिटायर व्हायला आलेले. शहादेव कागदाकडं बघत राहिला. लोक हसले. साहेब म्हणाले, "खाली बसा. उद्यापासून बदल्यांच्या टेबलावर बसायची तुम्हाला गरज नाही." अक्का, तू तिथं पाहिजे होतीस.

तुझं मात्र यंदा बसलं नाही. शेवटी शेवटी हिशेबात थोडा फरक झाला, सविस्तर भेटीत सांगेन. पुढच्या साली नक्की. तू मनाला लावून घेऊ नको. यादी टिकली हे मोठं आहे.

इकडं लगेच येऊ नको. ऑफिसातले लोक माझ्यावर डोळा ठेवून आहेत.

महारुद्र


वडवणी,
६ जून १९९९

चि. महारुद्रास आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा मला अर्थ लागला नाही. हिशेबात फरक म्हणजे काय? अकरा वर्षं म्हणजे अकरा वर्षं.

काल अंजना आली होती. तुला माहीत नाही, माझ्या पलीकडच्या वस्तीवर शिकवते. सहा वर्षं झाली तिला. तिची बदली गेवराईला झाली, नवऱ्याजवळ. तान्हं मूल काखेत घेऊन पेढे द्यायला आली. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि तिचंच तोंड उतरलं. म्हणाली, "बाई, मी यादी शेवटपर्यंत वाचली. तुमचं नाव लई खाली हाय. तुमच्या नावापुढं 'एक' लिहिलंय. एक वर्ष."

मी म्हटलं, छपाईत काही चुकलं असेल. ती गेल्यावर बसून विचार केला तेव्हा उमगलं.

हे शहादेवनं केलंय. दुकानातला तो माणूस त्यानंच पाठवला होता. त्याला कळलं मी तुझी बहीण, मग त्यानं तू खोलीत नसताना जाऊन माझा एक आकडा उडवला. मला मारून तुला मारायचं, असा डाव. तू भोळा, तुला वाटलं हिशेबात फरक झाला. मला सांगायला तुला किती जड गेलं असेल ते दिसलं पत्रात.

तू खचू नको. हरकत द्यायची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे, अंजनानं सांगितलं. मी सर्व्हिस बुकाची नक्कल काढलीय. गुरुवारी बीडला येते आणि थेट साहेबांना भेटते. त्यांना सगळं सांगेन, तू माझा भाऊ आहेस हेही. तुझ्या खोलीत शिरून कुणी यादीला हात लावला हे त्यांना कळायलाच पाहिजे. दाजी दुकान बंद ठेवून बरोबर येतायत.

वर्षाराणीला अजून काही सांगितलेलं नाही.

अक्का


बीड,
८ जून १९९९

अक्का,

हे पत्र वडवणीच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं देतोय, म्हणजे तुला उद्याच मिळेल. गुरुवारी येऊ नको.

शहादेवनं आकड्याला हात लावला नाही. मी लावला.

समोर येऊन सांगायची हिंमत नाही म्हणून लिहितोय. मीटिंगच्या दोन दिवस आधी शहादेव दुपारच्या सुट्टीत माझ्या खोलीत आला. चपला न काढता. म्हणाला, "चौथं नाव तुझ्या बहिणीचं हाय. आणि तू सायबाला लिहून दिलंयस की नातेवाईक न्हाई म्हणून. माझी चार नावं हायत, ती वर घे. तुझं एक राहू दे. मशीन काय बोलतंय व्हय?" मी नाही म्हटलं. तो हसला. "मग सायबाला सांगतो. तू घरी, बहीण डोंगरावर, आणि यादी उकिरड्यावर."

तो गेल्यावर मी बसून राहिलो. त्याची नावं घेतली तर यादी नासली. नाही घेतली आणि त्यानं सांगितलं, तर साहेब माझी खोटी सही बघणार, मग पुढचं कोण ऐकतंय? तुझी अकरा वर्षं खरी आहेत म्हणून कितीही ओरडलो तरी दिसणार काय, तर ऑपरेटरची बहीण वर. सगळी यादी खोटी ठरली असती. मग मला एकच सुचलं. तू वर नसलीस तर त्याच्याजवळ बोलायला काही उरत नाही.

अकरातला एक आकडा पुसला. बस एवढंच केलं. टाइप करताना चुकतं तसं दिसेल असं. तुझं नाव भराभर खाली गेलं.

तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस या भीतीनं विचारलं नाही. वाटलं, तू माझी अक्का आहेस, तुझ्यातलं काढून घेतलं तर चालेल.

तू हरकत दिलीस तर तुझा आकडा दुरुस्त होईल, तुला वडवणी मिळेल. पण चौकशी लागेल, आणि चाळीस माणसांची यादी माझ्यापायी थांबेल. तू देऊ नको असं म्हणायचं तोंड मला नाही. तू ठरव.

महारुद्र


डोंगरपिंपळा,
३० ऑगस्ट १९९९

महारुद्र,

राखी पाठवली नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. विसरले नव्हते.

हरकतीचा कागद लिहिला होता. तो पर्समध्ये ठेवून मी दोनदा बीडच्या गाडीत बसायला स्टँडवर गेले. दोन्ही वेळा गाडी गेली आणि मी तिथंच होते. मग मुदत गेली. मी काही ठरवलं असं समजू नको. मुदतच गेली.

वर्षाराणीनं कारण विचारलं. मी म्हटलं, यादीत नाव खाली गेलं. ती म्हणाली, "मामा तिथं असून?" पेटी तिनंच पुन्हा भरून दिली.

वडवणी आता तालुका झाला. तिथं नव्या जागा निघाल्यात म्हणतात.

तू मला काही पाठवू नको. पत्रही नको.

रोहिणी


बीड,
१९ सप्टेंबर १९९९

अक्का,

पत्र नको म्हणालीस तरी लिहितोय. हे तुला कळायला हवं.

साहेबांची जुलैतच बदली झाली. नवे साहेब शांत आहेत, समोर येईल त्या कागदावर सही करतात. शहादेव पुन्हा बदल्यांच्या टेबलावर आहे. त्याला मेची यादी रद्द करायचीय, म्हणजे सगळे परत आपापल्या जागी आणि मग पूर्वीसारखं एकेकाचं बघता येईल. कारण शोधतोय. त्याच्याकडं जुने फॉर्म आहेत. तुझ्या फॉर्मवर अकरा आहे हे त्याला सापडलंय असं मला वाटतं.

तो काही करायच्या आत मी स्वतः लिहून देणार आहे. की रोहिणीबाई माझी बहीण, त्यांची सेवा अकरा वर्षं, तो आकडा मी बदलला, बाकी यादीला मी हात लावलेला नाही. नोकरी जाईल, जाऊ दे. खरं सांगून निदान एक तरी आकडा जागेवर येईल. निवडणुकीची गडबड सरतेय, या आठवड्यात देतो.

तू म्हणायचीस, भला माणूस असेल तर ऐकेल. उशीर केला मी.

महारुद्र


डोंगरपिंपळा,
२० सप्टेंबर १९९९

महारुद्र,

पत्र नको असं मीच लिहिलं होतं आणि मीच लिहितेय. कारण झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

आज दुपारी शहादेव बाबू आले होते. जीप खाली ओढ्यापाशी ठेवून चढ चढून आले, धापा टाकत. पोरांना मी बाहेर सोडलं. खुर्ची एकच, ती त्यांना दिली. पाणी पिऊन त्यांनी माझा फॉर्म काढला. अकरा, माझ्या हातचं. मग यादीचा कागद. एक.

म्हणाले, "बाई, तुमच्यावर लई अन्याय झालाय. अन् तो सख्ख्या भावानं केलाय. मला समदं माहीत हाय."

मी फॉर्म हातात घेऊन बघितला.

"तुमी दोन ओळी लिहून द्या. भावानं यादीत फेरफार केला म्हणून. पंधरा दिवसांत वडवणीत आणतो तुमाला. एक पैसा न्हाई लागणार."

मी विचारलं, "आणि यादी?"

"यादी जाईल. एक फेरफार निघाला म्हणजे समदीच खोटी. जो तो आपापल्या डोंगरावर परत. मग बघू आपण, कुणाला उतरवायचं ते."

महारुद्र, मी तुला खोटं सांगणार नाही. माझा हात पेनाकडं गेला होता. त्या माणसानं जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. अन्याय झाला हे खरं. भावानं केला हे खरं. अकरा वर्षांत त्या ऑफिसातल्या कुणी मला इतकं खरं सांगितलं नव्हतं.

मग मला अंजना दिसली. तिला गेवराईहून परत वर यावं लागेल, त्या मुलाला घेऊन. आणि ती एकटीच नाही. त्या सगळ्यांना पुन्हा व्हरांड्यात बसावं लागेल आणि दात कोरत हा माणूस त्यांना डोंगराच्या हवेचं सांगेल.

मी म्हटलं, "माझी तक्रार नाही."

ते म्हणाले, "असं तोंडी न्हाई चालत. तक्रार नसंल तर यादीतली नोंद बरोबर हाय असं लिहून द्या. एक वर्ष." आणि कागद पुढं सरकवला. त्यांना वाटलं मी लिहिणार नाही. कुणी लिहिलं नसतं.

मी लिहिलं. 'डोंगरी भागातील माझी सेवा एक वर्ष अशी नोंद झाली आहे, ती मला मान्य आहे. फॉर्मवरील आकडा माझ्या हातून चुकून पडला.' सही केली, तारीख टाकली. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमी तुमची धा वर्षं मातीत घातली. आता पुढची मोजणी इथून." मी म्हटलं, "घाटात रस्ता निसरडा आहे, सांभाळून जा."

ते गेल्यावर पोरांना आत घेतलं. काय शिकवलं आठवत नाही.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. तू तसं समजून रडत बसू नको. तू मला न विचारता माझ्यातलं काढून दिलंस, मी निदान स्वतःच्या हातानं दिलं, एवढाच फरक. आता ही गोष्ट कुणाजवळ उकरू नको. तुझ्या तोंडून निघाली तर माझं लिहिणं वाया जाईल.

रोहिणी


बीड,
१० ऑक्टोबर १९९९

अक्का,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं पत्र माझ्या हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशी मी साहेबांना लिहून दिलं होतं.

काल त्यांनी आत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते, तुझा आणि माझा. शहादेव चौकशीच्या नावावर जीप घेऊन तुझ्याकडं आला होता, त्यामुळं तुझा कागद त्याला फायलीला लावावाच लागला. म्हणाले, "बाई म्हणतात एक. कॉम्प्युटर म्हणतो एक. तुम्ही एकटेच अकरा म्हणता. आणि तुम्ही त्यांचे भाऊ." मी म्हटलं, साहेब, सर्व्हिस बुक मागवा. ते म्हणाले, "कशासाठी? ज्यांची सेवा आहे त्यांनी मान्य केलंय. बहिणीला खाली आणायला असं काही लिहून देऊ नका, नोकरी गमवाल." माझा कागद मला परत दिला. वर समज दिल्याचा शेरा.

मी खरं सांगितलं आणि ते खोटं ठरलं. तू खोटं लिहिलंस आणि यादी वाचली. मला यातलं काही कळेनासं झालंय.

नोकरी सोडायचा विचार होता. शहादेवच म्हणाला, "सोड की. माझा भाचा शिकतोय कॉम्प्युटर." म्हणून सोडत नाही. तो आता चपला काढून माझ्या खोलीत येतो, शेजारी खुर्ची घेऊन बसतो. परवा दोन नावांची चिठ्ठी ठेवली माझ्यापुढं. "पुढच्या मेला बघू," म्हणाला, "घाई न्हाई." आणि जाताना मशीनवर हात फिरवून म्हणाला, "मी उगंच भीत होतो याला. हे लई कामाचं हाय. आधी लोक माझ्या नावानं बोटं मोडायचे. आता कॉम्प्युटरनं दिलं म्हटलं की गप घरी जातात."

चिठ्ठी मी फाडली. त्यानं दुसरी लिहिली, तिथंच बसून, हसत.

दिवाळीला वडवणीला येऊ का?

महारुद्र


डोंगरपिंपळा,
२१ नोव्हेंबर १९९९

महारुद्र,

दिवाळीला आला नाहीस ते बरं केलंस. मी उत्तर दिलं नाही म्हणून आला नाहीस, हेही मला माहीत आहे. दाजी तुझ्यावर रागावलेले नाहीत. ते माझ्यावर रागावलेत. मी सगळं त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या दिवशी माझा हात धरलास, अन् या दिवशी स्वतःचा न्हाई धरलास." वर्षाराणी तिच्या आजीजवळ निजते आता. मी गेले की उठून चहा करते, पाहुण्याला करतात तसा.

पोरांचे आईबाप टोळ्यांबरोबर गेले. वर्ग पुन्हा अर्धा झाला.

तुला लिहिणार नव्हते. पण गेल्या आठवड्यात तुझ्या मशीनचा कागद आला माझ्या नावानं. डोंगरी भागात नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकांसाठी धारूरला तीन दिवसांचं शिबिर. ज्यांची सेवा दोन वर्षांच्या आत त्यांना सक्तीचं. गैरहजर राहिल्यास पगार कापला जाईल. खाली कुणाची सही नव्हती. आता सही लागत नाही म्हणतात.

गेले. काय करणार? नाही गेले तर का आला नाहीत विचारणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. ते मी लिहून देऊन बसलेय.

खोलीत सगळी वीस-बावीस वर्षांची पोरंपोरी. मला बघून उठून उभी राहिली, त्यांना वाटलं मी शिकवायला आलेय. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. शिकवणारा तुझ्याच वयाचा असेल. पहिला अख्खा दिवस डोंगरावर पाणी कसं साठवायचं, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांना कसं थांबवायचं, एकटीनं राहायची भीती कशी घालवायची, हे सांगत होता. वाईट सांगत नव्हता. वहीत बघून सांगत होता. माझ्या शेजारच्या पोरीनं हळूच विचारलं, "बाई, तुमाला भीती न्हाई वाटत?" मी म्हटलं, पहिली दोन वर्षं वाटते, मग सवय होते. म्हटल्यावर लक्षात आलं, काय बोलून बसले. ती माझ्याकडं बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं एकेकाला उभं करून ओळख सांगायला लावली. नाव, शाळा, डोंगरावर किती वर्षं. पोरं उठत होती, कुणी सहा महिने म्हणालं, कुणी वर्ष. माझी पाळी आली. मी उभी राहिले. नाव सांगितलं, शाळा सांगितली. तो हसून म्हणाला, "आणि किती वर्षं झाली, बाई?" सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. ती शेजारची पोरगीही.

मी म्हटलं, "एक."

रोहिणी